डॉक्टरांचें चिलखत

मनुष्य अन्नावांचून कांहीं आठवडे आणि पाण्यावांचून कांहीं दिवस जगूं शकतो; परंतु प्राणवायु मिळेनासा झाला, तर चार-पांच मिनिटांतच त्याच्या मेंदूला कायमची इजा होऊं लागते. म्हणून ज्या रोग्याचा श्वास बंद पडत आहे, त्याच्या श्वासनलिकेंत अनेकदां तत्काळ नळी घालावी लागते. लॅरिंगोस्कोप नांवाच्या, दिवा बसविलेल्या उपकरणानें डॉक्टर जीभ बाजूस सारतात आणि दोन स्वरतंतूंमधून नळी आंत सरकवितात. मोठ्या माणसासाठीं तिची आंतील रुंदी ७-८ मिलिमीटर असते. लगतच अन्ननलिका आहे. नळी चुकून तींत गेली व तें ध्यानांत आलें नाहीं, तर हवा पोटांत जाते आणि रोगी दगावतो.

हें काम करतांना डॉक्टरांचें तोंड रोग्याच्या तोंडाजवळ येतें. रोग श्वासावाटें पसरणारा असला, तर वांचविणाराच संकटांत सांपडतो. १९१०-११ सालीं मांचुरियांत फुप्फुसाच्या प्लेगची सांथ आली, तेव्हां डॉ. वू लिएन-तेह यांनीं कापूस व जाळीदार कापड यांच्या मुखपट्टीचा आग्रह धरिला. डॉ. मेनी या फ्रेंच वैद्यांस तो पटला नाहीं. त्यांनीं मुखपट्टीवांचून रोगी तपासले आणि १९११ च्या जानेवारींत त्याच रोगानें ते मरण पावले. २००३ सालीं सार्सच्या सांथींत टोरांटो येथें अशी नळी घालतांना जवळ असलेल्या सेवकांना बाधा झाली. २०२० सालीं कोविडच्या वेळीं तर मुखपट्टी, चष्मा, मुखकवच, झगा आणि हातमोज्यांचे दोन जोड हा वेष जगभर ठाऊक झाला.

परंतु संरक्षणाचें मोलहि द्यावें लागतें. चष्म्यावर वाफ धरते व दृष्टि अंधुक होते. मुखकवचावर दिव्याची तिरीप चमकते. दुहेरी हातमोज्यांनीं बोटांची जाण बोथट होते. आणि नळी मुळींच जाईना, तर कंठमण्याखालची मऊ फट बोटानेंच चांचपून तेथें छेद घ्यावा लागतो! मुखपट्टीआडून शब्द स्पष्ट ऐकूं येत नाहींत, चेहरे ओळखूं येत नाहींत, आणि डोकें झांकलें असल्यास स्टेथॉस्कोप कानाला लावतां येत नाहीं. शिवाय हा वेष चढविण्यांतच मोलाचीं मिनिटें जातात.

पवित्र शास्त्रांतील दाविदाची गोष्ट आपण जाणतोंच. शौल राजानें त्याला आपलें चिलखत व शिरस्त्राण घातलें. पण त्यांची संवय नसल्यामुळें दाविदानें तीं उतरविलीं आणि गोफण घेऊन तो पुढें गेला. डॉक्टरांना ती मुभा नाहीं. त्यांना चिलखत अंगावर ठेवूनच गोफण मारावयाची आहे. तेव्हां संवय करणें हाच त्यांचा मुख्य उपाय होय. ते पूर्ण वेष चढवून पुतळ्यावर वारंवार सराव करितात. नळी घालण्याचें काम सर्वांत अनुभवी हातांकडे सोंपवितात. झग्यावर ठळक अक्षरांनीं नांवें लिहितात. आणि दिलेली आज्ञा ऐकणारा मोठ्यानें परत उच्चारतो, म्हणजे गैरसमज राहत नाहीं. सूक्ष्म कॅमेरा असलेल्या लॅरिंगोस्कोपामुळें तोंड दूर ठेवून पडद्यावर पाहतां येतें. नळी योग्य जागीं गेली कीं नाहीं, हें उच्छ्वासांतील कार्बन डायऑक्साइड मोजणारें यंत्र सांगतें. वेष उतरवितांना जंतु अंगास लागण्याचा धोका अधिक, म्हणून सोबती शेजारीं उभा राहून एकेक पायरी तपासतो.

रोगी गुदमरत असतां दाराबाहेर हातमोजे चढवीत राहणें पाहणाऱ्यास निर्दयपणाचें वाटेल. तसें तें नव्हे. आज डॉक्टर पडले, तर उद्यांच्या रोग्यांना कोण वांचविणार? मात्र तीं मिनिटें कमी करणें त्यांच्या हातीं आहे, आणि तीं कमी होतात तीं संकटाच्या घटकेस नव्हे, तर त्यापूर्वींच्या शांत दिवसांत केलेल्या कंटाळवाण्या अभ्यासानें. विद्यार्थ्यांनो, हें आपणांसहि लागू नाहीं काय?