टॉवर बंद पडल्यावर

२६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, कुलाब्यात जेमतेम ७३. मंत्रालय आणि महापालिकेचे मुख्यालय दक्षिण टोकाला. बुडत होती ती उपनगरे. साकीनाक्याला झोपड्यांवर दरड कोसळून सत्तरहून अधिक माणसे गेली. त्या दिवशी वीज गेली होती, आणि लाखो मोबाइल व लँडलाइन तासन्‌तास मुके झाले होते.

मोबाइल शेजारच्या मोबाइलशीही थेट बोलत नाही. मध्ये टॉवर लागतो, टॉवरला वीज. ती गेली की बॅटऱ्या काही तास तग धरतात. मग उरल्यासुरल्या टॉवरवर सगळे शहर एकदम फोन लावू लागते.

वायरलेस संचाला हा लवाजमा लागत नाही. बारा व्होल्टची बॅटरी, अँटेना आणि जाणकार माणूस एवढ्यावर केंद्र उभे राहते. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या लहरी साधारण नजरेच्या टप्प्यात पोचतात. डोंगर आडवा आला तर उंचावरचा रिपीटर संदेश पुढे पाठवतो. रिपीटरही बंद पडला तर टप्प्यातले संच आपसांत बोलतात. ७ मेगाहर्ट्झच्या लहरी आयनांबरावरून परतून डोंगरापलीकडच्या जिल्ह्यांत उतरतात.

हे संच हौसेने चालवणारे ते हॅम. मुंबई बुडण्याच्या बरोबर सात महिने आधी, २६ डिसेंबर २००४ ला, भारती प्रसाद हॅम मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला होत्या. त्सुनामीने अंदमानचा संपर्क तोडला, तेव्हा त्यांच्या केंद्रावरून मुख्य भूमीकडे संदेश जात राहिले. आपली माणसे सुखरूप आहेत, हे कित्येक कुटुंबांना तिथूनच कळले.

असा संदेश देणारे कुणी नसले की खबर योगायोगावर राहते. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव दरडीखाली गाडले गेले, १५१ जण दगावले. ती खबर बाहेर पोचली एका एसटीचालकामुळे. गाडी घेऊन तो आला आणि गाव जागेवर दिसलेच नाही.

संचाइतकीच शिस्तही लागते. सगळे एकदम बोलले तर कुणाचेच ऐकू येत नाही, म्हणून एक केंद्र ‘नेट कंट्रोल’ होते आणि पाळी देते. जखमींची खबर आधी. संदेश लिहून घ्यायचा, परत वाचून दाखवायचा, मगच पुढे द्यायचा. हे ऐन पुरात शिकता येत नाही.

बारा वर्षांच्या मुलालाही दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन परवाना मिळू शकतो. १८ जुलै २०२१ ला विक्रोळी आणि चेंबूरच्या उतारांवर पुन्हा माणसे गाडली गेली. त्या उतारांखालच्या प्रत्येक वॉर्डात दोन-चार परवानाधारक हवेत, आणि मे महिन्यात महापालिकेबरोबर त्यांचा एक सराव व्हायला हवा.