चुना, घाणी आणि तारनाक्यातील एक जुना इमला

हैदराबादेतील तारनाक्यासारख्या वस्तीत जुने घर विकत घेणारा मनुष्य बहुधा घर विकत घेत नसतो. तो जमीन विकत घेत असतो. खरेदीखतात चतुःसीमा, म्युनिसिपल नंबर, विहीर, झाडे आणि इमला यांचा तपशील यथासांग नमूद असला, तरी त्या इमल्याचे मोल उभयपक्षी पाडण्याच्या खर्चाच्या हिशेबानेच धरलेले असते, आणि दस्ताची नोंदणी होऊन कबजा मिळाला की थोड्याच अवधीत तेथे चार-पाच मजल्यांचा सांगाडा उभा राहतो, अशी आता वहिवाटच पडून गेली आहे. माझ्या एका मावसभावाने ही वहिवाट मोडून, स्वातंत्र्याच्या सुमारास बांधलेले एक बैठे घर न पाडता दुरुस्त करावयाचे ठरविले, आणि त्या निमित्ताने चुन्याच्या कामाचा, म्हणजे दोन-तीन पिढ्यांपूर्वी ज्याच्यावाचून या देशात एकही पक्की भिंत उभी राहत नसे अशा एका कारागिरीचा, निकट परिचय करून घेण्याचा योग मला आला. प्रस्तुत लेख त्या घराविषयी थोडा आणि चुन्याविषयी अधिक आहे.

तारनाका आज मेट्रोच्या नागोल मार्गावरील एक स्थानक म्हणून ओळखला जातो. परंतु या वस्तीला रूप आले ते दोन शेजाऱ्यांमुळे. एका अंगाला निजामाच्या रेल्वेचा लालागुडा येथील कारखाना, जो १८९३ पासून चालू आहे. आणि दुसऱ्या अंगाला १९१८ मध्ये स्थापन होऊन पुढे अडिकमेटच्या खडकाळ माळावर विसावलेले उस्मानिया विद्यापीठ, ज्याच्या आर्ट्स कॉलेजची गुलाबी पाषाणातील भव्य वास्तू १९३९ मध्ये पुरी झाली. नंतर पोषणशास्त्राची राष्ट्रीय संस्था १९५८ मध्ये निलगिरीतील कुन्नूरहून येथे आली, आणि प्राध्यापक, शास्त्रज्ञ व रेल्वेचे नोकर अशा मध्यम स्थितीतील मंडळींची बैठी घरे क्रमांक लावलेल्या गल्ल्यांतून वाढत गेली. मराठवाड्याच्या वाचकाला हा परिसर अगदीच परका वाटू नये. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ निघेपर्यंत औरंगाबाद-नांदेडकडील विद्यार्थ्यांची पदवी उस्मानियाचीच असे, आणि राज्यपुनर्रचनेनंतरही जी मराठी कुटुंबे हैदराबादेतच राहिली त्यांतील काहींची घरे याच गल्ल्यांत होती.

घर जसे होते तसे सांगतो. जोते घडीव ग्रॅनाईटचे, भिंती त्याच दगडाच्या आणि हातभराहून अधिक रुंद, सांधे चुन्याचे. छत लोखंडी गर्डरांमध्ये विटांच्या उथळ कमानी बसवून केलेले, आणि त्यावर चुन्याचा कोबा. जमिनीला शहाबादी फरशी, जी त्या काळी गुलबर्गा जिल्ह्यातून, म्हणजे निजामाच्याच मुलखातून, रेल्वेने येत असे. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाची सवय झालेल्या मराठी डोळ्याला हा गुलाबी, ठिपकेदार दगड प्रथम नाजूक भासतो. वस्तुतः आपला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, तर हैदराबादचा ग्रॅनाईट सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा आहे. तो पाणी जवळजवळ पीत नाही. मग अशा घराच्या भिंतींना कमरेपर्यंत ओल कशी आली, पोपडे का सुटले, आणि हात लावला की पांढरी पूड गळावी असा लोणा का लागला, हा प्रश्न स्वाभाविकच उपस्थित झाला.

त्याचे उत्तर गिलावा खरवडताना मिळाले. बाहेरचा थर सिमेंटचा होता, मूळ घराहून बराच नंतरचा; त्याच्या आत जुना चुन्याचा गिलावा ओला आणि भुसभुशीत होऊन बसलेला. जमिनीतील पाणी दगडातून चढत नाही, ते सांध्यांतून चढते. आणि सांधे चुन्याचे असले की ते जसे चढते तसे पृष्ठभागावरून हवेत उडूनही जाते, कारण चुना सच्छिद्र आहे. कोणा पूर्वीच्या मालकाने घर मजबूत करण्याच्या सद्धेतूने त्यावर सिमेंटचा कठीण लेप चढविला, आणि पाण्याचा बाहेर पडण्याचा मार्गच बंद केला. कोंडलेले पाणी आणखी वर चढले. त्याच्यासोबत आलेले क्षार सिमेंटच्या पाठीमागे साचून स्फटिकरूप झाले आणि त्यांनी आतून लेप फोडला. मग पुन्हा सिमेंटचे थिगळ, पुन्हा ओल. या घराला म्हातारपणाने जितके छळले नव्हते तितके दुरुस्तीने छळले होते.

हा प्रकार केवळ गरीब घरांच्या वाट्याला आला असे नाही. अजिंठ्याची लेणी निजामाच्या राज्यात असताना तेथील चित्रांच्या रक्षणासाठी १९२० ते १९२२ या काळात चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन इटालियन तज्ज्ञ मुद्दाम आणविले गेले. त्यांनी सुटू पाहणारे लेप जागच्या जागी बसविले हे त्यांचे उपकार खरेच, परंतु चित्रांवर जो लाखेचा रोगण त्यांनी दिला तो कालांतराने पिवळा पडला आणि तो उतरविण्याचे किचकट काम पुढील पिढ्यांना करावे लागले. सिमेंटविषयी माझे काही वैर नाही. पोरबंदरला १९१४ मध्ये ज्या उद्योगाचा पाया स्थिरावला त्यावाचून आजचे धरण, पूल किंवा मेट्रोचा खांब संभवत नाही. तक्रार एवढीच, की तो जेथे पाहुणा म्हणूनही नको होता तेथे यजमान होऊन बसला.

चुन्याचे रसायन शाळेत सर्वांनी शिकलेले असते, आणि सर्वजण विसरलेले असतात. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत भाजली की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो, आणि शंभर भार शुद्ध दगडाची छप्पन्न भार चुनकळी उरते. महाराष्ट्रात हा भाजण्याचा उद्योग पिढ्यान् पिढ्या लोणारी समाजाकडे होता. चुनकळीत पाणी घातले की ती विझते. शब्द ‘विझणे’ असला तरी प्रत्यक्षात होते ते पेटण्यासारखे. अंगणात खणलेल्या हौदात आम्ही चुनकळी टाकून पाणी सोडले तेव्हा क्षणभर काहीच झाले नाही. मग खड्यांतून चुरचुर आवाज येऊ लागला, एकेक खडा तडकून फुलासारखा उमलला, पाणी उकळू लागले, आणि वाफेचा असा लोट उठला की शेजारच्या गच्चीवरून आग लागली की काय अशी विचारणा झाली. डोळ्यांना चष्मे, हातांना रबरी मोजे आणि पोरांना दहा हात लांब, ही व्यवस्था आधीच केलेली होती. चुनकळीचा कण डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. निवल्यावर लोण्यासारखा जो गोळा उरतो तो पाण्याखाली झाकून ठेवावयाचा, आणि जितका मुरेल तितका चांगला. रोमन ग्रंथकार प्लिनी सांगतो, की तीन वर्षांपेक्षा कमी मुरलेला चुना वापरू नये असा जुन्या इमारतींच्या कराराचा नियम होता. आमच्याजवळ तीन वर्षे नव्हती. पावसाळा तेवढा होता, आणि तेवढ्यावर भागविले. भिंतीवर गेल्यावर हा चुना हवेतून तोच वायू पुन्हा ओढून घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. या क्रियेला महिने लागतात, आणि थर जाड असल्यास वर्षेही लागतात.

मेस्त्री पालमूरकडचा, म्हणजे महबूबनगर जिल्ह्यातला, जेथील मजुरांनी देशभर धरणे बांधली आणि कालवे खणले. वय साठीचे, बोलणे तेलुगू आणि दखनी यांचे मिश्रण, आणि शहरातील जुन्या इमारतींच्या दुरुस्तीवर काम केल्यामुळे चुन्याची रीत हाताला ठाऊक. त्याची पहिली मागणी घाणीची होती. वर्तुळाकार दगडी चर आणि त्यातून फिरणारे जड चाक, असे हे साधे यंत्र. पूर्वी त्याला बैल जुंपीत, आता विजेची मोटर लावतात. या चरात मुरलेला चुना, चाळलेली वाळू आणि सुरखी, म्हणजे भाजक्या विटेची पूड, घालून तास दीड तास दळले की कणाकणाला चुन्याचा लेप बसतो. फावड्याने कालविलेला चुना आणि घाणीतला चुना यांतील भेद पाहूनच कळतो: पहिला थापीवरून घसरतो, दुसरा थापी उलटी केली तरी तिला धरून राहतो. त्यात पडणारे पाणीही साधे नव्हे. हिरडा कुटून गुळासह काही दिवस भिजत ठेवलेले ते आंबूस, तपकिरी पाणी असते. कोठे बेलफळाचा गर, कोठे उडदाची पेज घालतात. यांतील प्रत्येकाचा गुण मेस्त्री ठामपणे सांगे आणि मावसभावाचे शास्त्रज्ञ स्नेही तितक्याच ठामपणे शंका घेत; गुळाने चुन्याला चिकटपणा येतो आणि तो वाळण्यास अवधी मिळतो, एवढ्यावर उभय पक्षांचे एकमत झाले.

येथे आप्तेष्टांचा भाग सुरू होतो. सिमेंटच्या कामात मालकाने पैसे मोजावे आणि दूर राहावे हे उत्तम, कारण तेथे घाई असते आणि हौशी हात केवळ अडथळा करतात. चुन्याचे काम याच्या उलट आहे: त्यात कुशल हात थोडे लागतात, परंतु साधे आणि सबुरीचे हात पुष्कळ लागतात. गिलावा खरवडणे, सांधे बोटभर खोल उकरणे, कुंचल्याने धूळ झाडणे, वाळू चाळणे, विटा कुटणे, गोणपाट भिजविणे ही सर्व कामे कोणालाही जमतात आणि मजुरी देऊन करवून घेतली तर खिसा रिकामा करतात. म्हणून रविवारी लालागुड्याहून, हबशीगुड्याहून, काचीगुड्याहून मंडळी जमू लागली. वहिनींनी पाण्याचे खाते आपल्याकडे घेतले, आणि त्या खात्यात कोणाची ढवळाढवळ चालू दिली नाही. भिंत थापण्यापूर्वी तृप्त करावी लागते, नाहीतर ती ओल्या गिलाव्यातले पाणी ओढून घेते आणि गिलावा मरतो. “पहले दीवार को पानी पिलाओ अम्मा, बाद में हमको चाय,” हे मेस्त्रीचे सकाळचे पहिले वाक्य असे. आत्याबाई, ज्यांना गुडघ्यांमुळे उठबस होत नव्हती, खुर्चीवर बसून सुरखी चाळीत आणि चाळणीत राहिलेला खडा परत कुटावयास देताना कुटणाऱ्याच्या संसाराची चौकशी करीत. महाविद्यालयातील दोन पोरांचा उत्साह दुसऱ्या आठवड्यात ओसरला. त्याविषयी कोणी काही बोलले नाही, पण त्यांच्या ताटात त्या दिवशी गोड वाढले गेले नाही. मला स्वतःला सांधे उकरण्याचे काम मिळाले होते. छिन्नी तिरकी धरून, दगडाच्या कडेला धक्का न लावता सिमेंट तेवढे काढावयाचे, हे काम असे आहे की तासाभराने माणसाला पूर्वीच्या मालकाचा खरोखर राग येऊ लागतो.

थर तीन. पहिला खडबडीत आणि भरावाचा, दुसरा सपाटीचा, तिसरा अगदी पातळ, गाळलेल्या चुन्याचा आणि संगजिऱ्याने घोटलेला. प्रत्येक थर बसल्यावर मेस्त्री त्याला नखाने टोचून पाही, आणि नख उमटत नाही तोवर पुढच्या थराला हात लावू देत नसे. मध्यंतरी ज्या बारीक चिरा पडत त्या लाकडी फळीने ठोकून मिटवाव्या लागत. उन्हाळ्यात हैदराबादचे ऊन चाळीस अंशांपलीकडे जाते, तेव्हा हे काम करणे व्यर्थच. दसऱ्यानंतर आरंभ करून थंडीत आटोपणे हीच सोय. ओळंबा लावून पाहिले असता जुन्या भिंती सरळ नाहीत असे आढळले, आणि त्या सरळ करण्यासाठी जाड गिलावा द्यावा की त्यांचा बाक कायम ठेवावा यावर बरीच चर्चा झाली. बाक कायम राहिला. माझ्या मते तोच योग्य निर्णय होता, कारण दोन बोटांचा दोष लपविण्यासाठी दिलेला जाड थर स्वतःच्याच भाराने सुटतो.

हैदराबादला या कारागिरीचे आदर्श शोधण्यासाठी लांब जावे लागत नाही. १५९१ मधील चारमिनारवरील नाजूक वेलबुट्टी दगडात कोरलेली नसून चुन्याच्या गचात घडविलेली आहे. २०१९ च्या मे महिन्यात तिचा एक तुकडा एका मिनारावरून निखळून पडला, तेव्हा दुरुस्तीचा प्रश्न शहरभर चर्चिला गेला. गोवळकोंड्याजवळील कुतुबशाही मकबऱ्यांवर २०१३ पासून आगा खान ट्रस्टने जे काम चालविले, त्यात विसाव्या शतकातील सिमेंटचे थर काढून पुन्हा चुना देणे हा एक मुख्य भाग होता. राजांच्या थडग्यांना जे पथ्य लागू पडते ते प्राध्यापकाच्या घराला लागू पडू नये, असे म्हणण्यास कारण नाही. फरक खर्चाच्या तरतुदीचा आहे. चुना स्वतः महाग नाही. महाग आहे तो वेळ, आणि तो जाणणारा मेस्त्री. नव्या पिढीतील गवंडी हे काम शिकत नाहीत याचे नवल वाटू नये, कारण त्यांना महिन्यातून एखादे गिऱ्हाईकही चुन्यासाठी विचारीत नाही.

हट्ट मात्र सर्वत्र चालला नाही. न्हाणीघराच्या आणि स्वयंपाकघरातील मोरीच्या भिंतींना, जेथे पाणी रोज आणि सतत पडते, मेस्त्रीने स्वतःच सिमेंट व लाद्या लावावयास सांगितले. विजेच्या तारा भिंतीत गाडण्याऐवजी नळ्यांतून बाहेरून नेल्या, त्यामुळे दिवाणखान्याला थोडी सरकारी कचेरीची कळा आली आहे, ही वहिनींची तक्रार रास्त आहे. गच्चीच्या कोब्याला अजून हात लागलेला नाही. तो चोपण्यांनी ओळीने बसून ठोकावा लागतो, दिवसेंदिवस ठोकावा लागतो, आणि त्यासाठी येत्या दसऱ्यापर्यंत मनुष्यबळाची जमवाजमव चालू आहे. घाणी सध्या हबशीगुड्यातील एका घरी गेली आहे. हौदातील उरलेला चुना पाण्याखाली झाकलेला आहे, आणि ज्या कोणाला आपल्या भिंतीसाठी हवा असेल त्याला तो फुकट मिळेल, मात्र बादली आणि मोजे त्याने आपले आणावेत.