गाडी घेण्याआधी घराकडे पाहा

दसरा जवळ आला की नागपुरातल्या घराघरांत गाडीचा विषय निघतो. एके काळी तो स्कूटरचा असे, मग मारुतीचा झाला. आता उंच, दणकट एसयूव्हीचा असतो. १९९४ साली टाटा सुमो आली तेव्हा सगळे घरदार एका गाडीत मावते याचेच अप्रूप होते. २००२ च्या स्कॉर्पिओने त्यात ऐट मिसळली. आज निवड इतकी वाढली आहे की, शोरूममधून माणूस गोंधळूनच बाहेर पडतो.

म्हणून आधी घराकडे पाहावे. रोज गाडीत बसणार किती जण? चौघेच असतील आणि पाहुणे वर्षातून दोनदा येत असतील, तर सात आसने कशाला? तिसरी रांग उघडली की बहुतेक गाड्यांत सामानाला जागा उरत नाही. आजी-आजोबा असतील तर त्यांना शोरूममध्ये न्या आणि दोनदा चढू-उतरू द्या. पायरी उंच असेल तर त्यांचे गुडघेच काय ते सांगतील. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो. तेव्हा मागे बसणाऱ्यांपर्यंत एसीचा गारवा पोचतो का, हेही भर दुपारीच तपासावे.

मग रस्ते. महाल-इतवारीच्या गल्ल्यांत लांबरुंद गाडी वळवणे म्हणजे शिक्षाच. काटोलकडे संत्र्याची बाग असेल, तर मात्र जमिनीपासूनची उंची कामी येते. पण उंच गाडी म्हणजे नाव नव्हे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली आणि दारातल्या कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. गाडीत पाणी शिरले असेल तर ती सुरू करू नये. इंजिनात पाणी ओढले जाऊन ते निकामी होते. साध्या विम्यात हे नुकसान सहसा धरत नाहीत. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते.

समृद्धी महामार्गाने ७०१ किलोमीटरवरची मुंबई जवळ आणली. तिथे मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे. अशा वेगात छतावरच्या खिडकीपेक्षा टायर, ब्रेक, एअरबॅग आणि मागच्या सीटचे पट्टे मोलाचे. ऑक्टोबर २०२३ पासून देशात ‘भारत एनकॅप’ची टक्कर-चाचणी सुरू झाली आहे. विक्रेत्याला त्यातले तारे जरूर विचारा. मोठ्यांचे आणि मुलांचे वेगवेगळे.

डिझेल की पेट्रोल? २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ व्हायला लांबची, सलग धाव लागते. शाळा, बर्डी, भाजीबाजार एवढेच फिरणे असेल तर ती तुंबते. अशा घराला पेट्रोल बरे. दर आठवड्याला यवतमाळ-अमरावती करणाऱ्याने डिझेलचा विचार करावा.

शेवटी खिसा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या लहान इंजिनाच्या गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे, त्याहून मोठीवर ४० टक्के. पेट्रोलसाठी इंजिनाची मर्यादा १२०० सीसी, डिझेलसाठी १५००. शिवाय रस्ताकर आणि विमा आहेच. दहा लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर हप्ता २०,७५८ रुपयांच्या आसपास बसतो आणि व्याज सुमारे अडीच लाख जाते. सात वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सोळा हजारांवर येतो. पण व्याज साडेतीन लाखांवर जाते. हलक्या हप्त्याची ही लाखभराची किंमत विक्रेता सहसा आपणहून सांगत नाही. त्या लाखात मुलीच्या कॉलेजची फी किंवा आईच्या डोळ्यांचे ऑपरेशन बसू शकते.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे जुनेच शहाणपण. कागदावर हप्ता, पेट्रोल, विमा आणि सर्व्हिसिंग मांडा, घरातल्या सगळ्यांना घेऊन खराब रस्त्यावर चाचणी घ्या आणि मगच सही करा. शेजाऱ्याकडे कोणती गाडी आहे, हा प्रश्न त्या कागदावर नसला तरी चालेल.