पुलगांव : नांवाचा अर्थ व वापर

वर्धा जिल्ह्यांतील देवळी तालुक्यांत, वर्धा नदीच्या पूर्वतीराजवळ, मुंबई-नागपूर लोहमार्गावर पुलगांव हें शहर आहे. नांवाचा अर्थ विचारतांच कोणीहि ‘पुलाचें गांव’ असें उत्तर देईल; मग त्यावर स्वतंत्र टिपण कशास, अशी शंका वाचकांस येणें साहजिक आहे. प्रयोजन इतकेंच कीं, हा उघड अर्थ कागदपत्रांच्या कालनिर्णयास उपयोगी पडतो, आणि तो ध्यानांत न घेतल्यास संग्राहकाची फसगत होण्याचा संभव आहे.

प्रथम शब्द पाहूं. ‘पूल’ हा फारशी ‘पुल’ होय. संस्कृतांत सेतु व संक्रम असे शब्द होते. पैकीं संक्रमापासून निघालेला ‘साकव’ कोंकणांत ओढ्यावरील लहान पुलास अजून लावितात. घाटावर व देशावर मात्र राज्यकर्त्यांचा फारशी शब्दच रूढ झाला. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहींत मुसी नदीवर १५७८ सालीं बांधलेला पुराणापूल आणि पुण्यास पानिपतच्या सालचा, म्हणजे १७६१ चा, लकडी पूल हीं त्याचीं ठळक उदाहरणें. मोल्सवर्थच्या कोशांतहि तो फारशी म्हणूनच नोंदलेला आहे. फारशींतील ऱ्हस्व उकार मराठीनें आपल्या वळणाप्रमाणें दीर्घ केला; परंतु पुढें प्रत्यय किंवा दुसरें पद येतांच तो पुन्हा ऱ्हस्व होतो. पुलाचा, पुलावर, त्याचप्रमाणें पुलगांव. फारशींत दीर्घ उकाराचा ‘पूल’ म्हणजे पैसा, असा दुसराच शब्द आहे. कापसाच्या पेठेस ‘पैशाचें गांव’ हें नांव शोभलें असतें खरें, पण व्युत्पत्ति शोभेवर चालत नाहीं.

शब्द इतका जुना असला तरी पुलगांव हें नांव तितकें जुनें ठरत नाहीं. पुलावरून नांव पडण्यास आधीं पूल पाहिजे. वर्धेसारखी पावसाळ्यांत फुगणारी रुंद नदी पूर्वीं उताराच्या जागीं पायीं किंवा नावेनें ओलांडीत. वऱ्हाड १८५३ सालीं निजामाकडून कंपनीच्या ताब्यांत आलें, नागपूरचें राज्य १८५४ सालीं खालसा झालें, आणि १८६२ सालीं वर्धा जिल्हा नागपुरापासून वेगळा काढण्यांत आला. त्याचें ठाणें आरंभीं पुलगांवानजीक कवठा येथें होतें. १८६६ सालीं तें पालकवाडीच्या जागीं वसविलेल्या नव्या शहरीं नेलें. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे वऱ्हाडांतून ही नदी ओलांडून १८६७ सालीं नागपुरास पोहोंचली. नदीच्या पश्चिमेस तळणी व पूर्वेस पुलगांव अशीं स्टेशनें आजहि आहेत. एकाच मार्गावरील दोन वस्त्यांपैकीं ठाण्याच्या शहरानें नदीचें नांव घेतलें आणि दुसरीनें नदीवरील पुलाचें, हा योग लक्षांत घेण्यासारखा आहे. आमच्या मतें पुलगांव हें नांव या लोहमार्गाचें अपत्य होय.

कोल्हापुराजवळ पंचगंगेच्या कांठीं ‘शिरोली पुलाची’ आहे. तेथें शिरोली हें नांव मूळचें, पूल हें केवळ दुसऱ्या शिरोल्यांपासून तिला वेगळें ओळखण्याचें विशेषण. वर्धेकाठीं विशेषणच नाम झालें. अफगाणिस्थानांतील पुल-इ-खुमरी हें याच शब्दाचें भावंड. आणि युरोपांत इन नदीवरील पुलावरून इन्सब्रुक हें नांव याच रीतीनें पडलें आहे.

आतां मुख्य मुद्दा. शिवकालीन किंवा पेशवेकालीन म्हणून पुढें आलेल्या कागदांत ‘पुलगांव’ वाचावयास मिळालें, तर तो कागद वर्धेकाठचा मानण्यापूर्वीं थांबावें. फुलगांव नांवाचीं गांवें निराळीं आहेत: एक पुणें जिल्ह्यांत हवेली तालुक्यांत, दुसरें जळगांव जिल्ह्यांत वरणगांवाजवळ. मोडींत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाहीं, शब्द सुटे करण्याची चाल नाहीं. तेव्हां जमाखर्चांतील ‘पूल’ ही एक बाब व तिच्या पाठीस लागलेला ‘गांवखर्च’ हीं एकत्र वाचून नवेंच गांव निर्माण करणें अवघड नाहीं. फारशी शिकस्ता अक्षरांत तर ऱ्हस्व स्वर लिहीतच नाहींत व नुक्ते गळतात. तेथें पल, पिल, पुल सारखेच. हे तिन्ही पर्याय तपासूनहि नांव कायम राहिलें, तर कागद १८६७ च्या सुमाराची किंवा त्यानंतरची नक्कल आहे काय हें पाहावें. कागद, शाई, शिक्का हे पुरावे त्यानंतरचे.

नांव नवें म्हणजे भूमि नवी असें मात्र नव्हे. या भागाचीं जुनीं वतनपत्रें शोधणाराने पुलगांव न धुंडाळतां लगतचें नाचणगांव व तालुक्याचें देवळी हीं नांवें पाहावींत. नाचणगांव पुलगांवाहून जुनें आहे. आज वस्ती त्याला जवळजवळ भिडली आहे.

वापराविषयीं थोडें. स्टेशनामुळें नांव दूरवर गेलें. कापडगिरणीनें तें कापसाच्या व्यापारांत नेलें, आणि १९१७ सालीं सुरू झालेल्या अरुंद रुळाच्या पुलगांव-आर्वी फांट्यानें, जो आतां बंद आहे, तें उत्तरेकडील खेड्यांत नेलें. बाहेरच्या माणसास मात्र पुलगांव म्हणजे लष्कराचें दारूगोळ्याचें मध्यवर्ती भांडार. ३१ मे २०१६ रोजीं तेथें लागलेल्या आगींत अनेक जण मृत्युमुखीं पडले, तेव्हां हें नांव देशभर झालें. भांडाराच्या वसाहतीस ‘कॅड कॅम्प’ म्हणतात. म्हणजे पुलाच्या गांवाच्या कुशींत इंग्रजी अद्याक्षरांचें एक उपनगर वाढलें आहे.

लेखनभेदहि जपून ठेवण्याजोगा आहे. जुन्या मराठींत ‘पुलगांव’, हिंदींत चंद्रबिंदु देऊन ‘पुलगाँव’, आणि १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनंतर अनुस्वारावांचून ‘पुलगाव’. आम्हीं येथें जुनें रूप ठेविलें आहे. तारीख फाटून गेलेल्या छापील पावत्या, लग्नपत्रिका व दुकानांचीं बिलें यांचा काळ अजमावतांना हा एक बिंदु पुष्कळ वेळां हातीं लागतो. परंतु जुने छापखाने जुन्या सवयीनें तो पुढेंहि देत राहिले, म्हणून अनुस्वार नसणें हा नव्या काळाचा जितका भक्कम पुरावा, तितका असणें हा जुन्या काळाचा नव्हे.