दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसण्याआधी हे सांगा

शनिवार पेठेतल्या ज्येष्ठांनो, दातांच्या डॉक्टरांकडे जाताना मेंदू, कान आणि डोळ्यांच्या औषधांची चिठ्ठीही सोबत न्या.

• विजेसारखी कळ : दात घासताना, तोंड धुताना काही सेकंद कळ उठते? हा ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या नसेचं दुखणं, असू शकतो. निदानाआधी चांगला दात काढून घेऊ नका.

• फिट : फिटवरच्या फेनिटॉइन गोळीमुळे हिरड्या वाढू शकतात. तरीही गोळी स्वतःहून बंद करू नका. उपचाराच्या दिवशीही डोस चुकवू नका.

• कानदुखी : खालची किडलेली दाढ किंवा जबड्याचा सांधा दुखला, तरी कळ कानात जाणवते. कान तपासून काही सापडलं नाही, तर दात दाखवा.

• चक्कर : आडवं होताच गरगरत असेल, तर आधीच सांगा. खुर्ची हळूहळू मागे नेता येते.

• श्रवणयंत्र : दात साफ करणाऱ्या यंत्राचा आवाज त्यातून कर्कश येतो. डॉक्टरांचं सगळं ऐकून घ्या, मग श्रवणयंत्र बंद करा.

• काचबिंदू : लाळ कमी करणाऱ्या अ‍ॅट्रोपिनसारख्या औषधांनी काही रुग्णांत डोळ्यातला दाब वाढतो, म्हणून काचबिंदू असेल तर आधीच सांगा.

तातडीचं : तोंड अचानक वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर वेळ न घालवता 108 ला फोन करा.