राक्षस जन्माने की कर्माने?

डिचोली तालुक्यातील नार्वे हे गाव सप्तकोटेश्वराच्या देवळामुळे सर्वांना ठाऊक आहे. शिवाजी महाराजांनी १६६८ साली त्याचा जीर्णोद्धार केला. गोकुळाष्टमीस तेथे पंचगंगेच्या स्नानासाठी दूरदूरचे लोक लोटतात. ह्याच डिचोलीत व पलीकडे पेडण्यात जत्रेच्या रात्री दशावतारी काला रंगतो. आज आम्ही त्याकडे वळलो आहोत ते एका नव्या खेळाच्या निमित्ताने.

शहरात शिकणारी मुले सुटीत घरी येतात ती कधीकधी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ घेऊन. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्या दोघा अमेरिकनांनी तो १९७४ साली प्रसिद्ध केला. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. एक सूत्रधार होतो. बाकीचे कोणी योद्धा, कोणी मांत्रिक बनतात. संवाद लिहिलेले नसतात, ज्याचे त्याने ऐनवेळी रचायचे. आणि वार लागला की चुकला हे फासे सांगतात. फासे वगळले तर दशावताराची रीत ह्याहून फार निराळी नाही. तेथेही छापील संहिता नसते. आख्यान ठरते, पात्रे वाटली जातात, आणि पुढचे सारे नटाच्या जिभेवर.

पण ह्या खेळात एक नवल आहे. प्रत्येक पात्राच्या कागदावर तो सज्जन की दुर्जन हे आधीच लिहिलेले असते. जुन्या नियमांत तर दुर्जन ओळखण्याचा मंत्रही होता. म्हणजे बरे व वाईट हा मताचा प्रश्न उरला नाही. उंची किंवा वजन यांसारखी ती मोजून घेण्याची वस्तू झाली. ह्यावर काही खेळाडू म्हणतात की हे सारे खोटे, राक्षस त्याच्या परीने बरोबरच असतो.

आम्हांला हे दुसरे म्हणणे पटत नाही. दशावतारातील संकासुर घ्या. काळा वेष, लांब लाल जीभ, तोंडी मालवणी बोली आणि थट्टा अशी की पोरे हसून लोळतात. प्रेक्षकांचा तो लाडका. तरीही त्याने वेद चोरले ही गोष्ट त्याच्या विनोदाने पुसली जात नाही, आणि विष्णूच्या हातून त्याला मरावे लागते. नट राक्षसाची बाजू जीव तोडून मांडतो; तेवढ्याने चोरीची साव होत नाही.

तथापि पहिल्या म्हणण्यातही एक खोट आहे, आणि ती अधिक घातक आहे. गायगॅक्सने लिहिलेल्या 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' ह्या जुन्या साहसात राक्षसांच्या गुहा आहेत, व त्या गुहांत त्यांची लहान पोरेही आहेत. बाप मारले गेले. आता पोरांचे काय करायचे? जात दुष्ट म्हणून तीही मारावीत काय? ह्या प्रश्नावर खेळणाऱ्यांत कित्येक वर्षे वाद होत आला आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने अमुक कुळात जन्मला एवढ्यावरून एखाद्याला मारण्यास मोकळे व्हावे, मग ते खेळातले का असेना, हे आम्हांला साधे वाटत नाही.

दशावताराच्या आख्यानांना हा पेच नवा नाही. प्रल्हाद कोणाचा मुलगा? हिरण्यकश्यपूचा. बळी प्रल्हादाचा नातू, आणि बळीचे राज्य यावे असे मराठी शेतकरी आजही म्हणतो. पाप खरे आहे, पण ते करणीला चिकटते, कुळाला नाही, हे अक्षर न ओळखणाऱ्या प्रेक्षकालाही रात्रभर बसून कळत आले. टोल्किन हा इंग्रज ग्रंथकार कॅथलिक होता. त्याच्या ऑर्क नावाच्या राक्षसांच्या कल्पनेतूनच हा खेळ पुष्कळ घेऊन बसला आहे. एखादी सबंध जात उद्धारापलीकडे असू शकते काय, हा विचार त्यालाही उत्तरायुष्यात छळीत होता.

खेळाच्या चालकांनीही पुढे माघार घेतली. २०१४ च्या नियमांत तो मंत्र भूतपिशाच्च वा देवदूत जवळ आहे एवढेच सांगतो, माणसाचे मन सांगत नाही. २०२० साली त्यांनी जाहीर केले की ऑर्क लोकही इतरांसारखेच बऱ्यावाईटाचे मिश्रण असलेले दाखविले जातील. गुहेतल्या पोरांपुढे तलवार घेऊन उभ्या असलेल्या खेळाडूला आता कागद पाहून भागत नाही.