राखणदारांची राखण

मेक्सिकोचे चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी १९४० साली सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातल्या ट्रेझर आयलंडवर एक प्रचंड चित्र रंगवले. २२ फूट उंच, ७४ फूट लांब, दहा भागांचे हे चित्र त्यांनी बंद खोलीत नव्हे, तर आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाला आलेल्या लोकांच्या डोळ्यांदेखत काढले. प्रदर्शन आटोपले, चित्र पेट्यांत गेले आणि जवळजवळ वीस वर्षे तसेच पडून राहिले. १९६१ साली ते शहराच्या सिटी कॉलेजमध्ये, नाट्यगृहाच्या दालनात बसवण्यात आले. कागदोपत्री हे चित्र कॉलेजचे आहे, पण कॉलेज लोकांच्या करातून चालते, म्हणजे ते शहराचेच. त्याची जबाबदारी सात माणसांवर आहे. ही माणसे चित्रांची जाणकार असतीलच असे नाही. मतदारांनी त्यांना चार वर्षांसाठी निवडून दिलेले असते आणि त्यांना विश्वस्त म्हणतात. जे या चित्राचे, तेच वर्गखोल्यांचे, प्राध्यापकांच्या पगारांचे आणि विद्यार्थ्यांच्या पदव्यांच्या किमतीचे. या विश्वस्तांचे काम कसे चालते, कुठे बिघडते आणि बिघडल्यावर कोणी काय करावे, हे पाहिले की एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. दुसऱ्याची ठेव सांभाळणाऱ्यावर नजर हवी, ती नजर ठेवणाऱ्यावरही नजर हवी, आणि ही सारी राखण चारचौघांत व्हायला हवी.

हे सिटी कॉलेज म्हणजे कम्युनिटी कॉलेज, आणि कम्युनिटी कॉलेज ही अमेरिकेची खास देणगी. इलिनॉय राज्यात जोलिएट येथे १९०१ साली निघालेले कॉलेज हे त्यांतले सर्वांत जुने सार्वजनिक कॉलेज मानले जाते. दोन वर्षांचे शिक्षण, माफक शुल्क आणि सर्वांना खुला दरवाजा, ही त्यांची ओळख. एका इमारतीत परिचारिका घडतात, शेजारी मोटार दुरुस्तीचा वर्ग चालतो, संध्याकाळी नुकतेच देशात आलेले लोक इंग्रजी शिकतात आणि वरच्या मजल्यावर कोणी मोठ्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाण्याची तयारी करत असतो. एकट्या कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजे असून त्यांचा कारभार ७३ जिल्हे पाहतात. हे जिल्हे महसुली नव्हेत, फक्त कॉलेजांसाठी आखलेले. मराठी वाचकाला ‘विश्वस्त’ म्हटले की शिक्षणसंस्था, तिचे सभासद आणि धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय आठवते. आपल्याकडे संस्था आधी उभी राहते, मग ती कॉलेज काढते, आणि संस्थेचे पदाधिकारी सभासद निवडतात. कॅलिफोर्नियात विश्वस्ताला निवडून देतो तो त्या भागातला कोणीही मतदार, ज्याचा कॉलेजशी करापलीकडे काही संबंध नसेल तोसुद्धा. नाव एकच असले तरी उत्तरदायित्वाची वाट वेगळी आहे.

या विश्वस्तांच्या हातात नेमके काय असते? अर्थसंकल्प मंजूर करणे, जमीन आणि इमारती सांभाळणे, कर्मचारी संघटनांशी झालेल्या करारांवर शिक्कामोर्तब करणे आणि सर्वांत महत्त्वाचे, चॅन्सलर नेमणे. रोजचा कारभार चॅन्सलरने चालवायचा, विश्वस्तांनी दिशा ठरवायची आणि हिशेब मागायचा. मात्र त्यांचे हात जागोजागी बांधलेले आहेत. जिल्ह्याच्या चालू शैक्षणिक खर्चापैकी निदान निम्मा वर्गात शिकवणाऱ्यांच्या पगारांवर गेला पाहिजे, असा राज्याचा कायदा आहे. १९८८च्या कायद्यानंतर अभ्यासक्रम, पदवीच्या अटी, श्रेणी अशा शैक्षणिक बाबतींत विश्वस्त मंडळाला एक तर प्राध्यापकांच्या सिनेटचा सल्ला प्रमाण मानावा लागतो किंवा तिच्याशी सहमती करावी लागते. विद्यार्थ्यांचा प्रतिनिधीही मंडळाच्या टेबलाशी बसतो. वरून पाहणाऱ्याला ही गुंतागुंत वाटेल. पण ज्या कामात पैसा करदात्यांचा, ज्ञान प्राध्यापकांचे आणि भवितव्य विद्यार्थ्यांचे, तिथे एकाच्या हाती सगळ्या किल्ल्या न देणे हेच शहाणपणाचे.

या व्यवस्थेचा सर्वांत साधा भाग म्हणजे विषयपत्रिकेचा कागद. १९५३ साली झालेल्या ब्राउन कायद्यानुसार मंडळाच्या नियमित बैठकीची विषयपत्रिका किमान ७२ तास आधी, कोणालाही वाचता येईल अशा जागी लावावी लागते. जो विषय त्या कागदावर नाही, त्यावर एरवी निर्णय घेता येत नाही. ऐन वेळचे विषय म्हणून काहीही मंजूर करून टाकण्याची सोय नाही. कोर्टकज्जे, पगाराच्या वाटाघाटी, एखाद्या कर्मचाऱ्याची चौकशी अशा मोजक्या विषयांसाठी दार लावून बसता येते. पण कशासाठी बसणार ते आधी सांगायचे आणि आत ठराविक निर्णय झाले तर बाहेर येऊन ते जाहीर करायचे. बहुसंख्य सदस्यांनी एकमेकांना परस्पर गाठून आधीच मत पक्के करणेही बेकायदा ठरते. शिवाय प्रत्येक बैठकीत कोणत्याही नागरिकाला उठून बोलता येते. त्या दोन-तीन मिनिटांत फार मोठे काही घडत नसेल, पण आपला निर्णय कोणाच्या तोंडावर सांगावा लागणार आहे हे ठाऊक असलेला माणूस तो निर्णय वेगळ्या रीतीने घेतो.

बांधकामाच्या पैशावरचा पहारा तर याहून कडक आहे. २००० साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रपोझिशन ३९’ मंजूर केले. त्याआधी इमारतींसाठी रोखे काढून मालमत्ता करातून फेडायचे, तर दोन तृतीयांश मते लागत. ही अट ५५ टक्क्यांवर आली, पण बदल्यात मतदारांनी हिशेब मागितला. रोख्यांचा पैसा पगारांवर खर्च करायचा नाही, दरवर्षी स्वतंत्र लेखापरीक्षण करायचे, आणि किमान सात जणांची नागरिकांची देखरेख समिती नेमायची. या समितीत एक जण व्यापारी संघटनेतला, एक ज्येष्ठ नागरिकांच्या संघटनेतला, एक करदात्यांच्या संघटनेतला, एक कॉलेजच्या कामात भाग घेणारा विद्यार्थी आणि एक कॉलेजला साहाय्य करणाऱ्या संस्थेतला हवा. जिल्ह्याचा कर्मचारी, अधिकारी, विक्रेता, कंत्राटदार किंवा सल्लागार यांपैकी कोणालाही तिथे जागा नाही. ज्याला सिमेंट विकायचे आहे त्याने सिमेंटच्या बिलावर मान डोलवू नये, इतकी साधी ही गोष्ट आहे. तरी ती कायद्यात लिहावी लागली.

इतके पहारे असूनही घर कसे पोखरते, हे सिटी कॉलेजनेच दाखवले. १९३५ साली सुरू झालेले हे कॉलेज १९७०मध्ये शहराच्या शालेय जिल्ह्यापासून वेगळे झाले आणि पुढे देशातल्या सर्वांत मोठ्या कम्युनिटी कॉलेजांत गणले जाऊ लागले. २००८च्या मंदीनंतर राज्याने अनुदानाला कात्री लावली. वर्ग बंद करू नयेत, कोणाला घरी बसवू नये, असे विश्वस्तांना मनापासून वाटत होते. हेतू चांगला होता, पण खर्चाचा फार मोठा भाग पगार-भत्त्यांत जात होता, गंगाजळी जेमतेम उरली होती, आणि अप्रिय निर्णय पुढच्या वर्षावर ढकलले जात होते. जुलै २०१२मध्ये पश्चिमेकडच्या कम्युनिटी कॉलेजांना मान्यता देणाऱ्या आयोगाने ‘मान्यता का काढू नये’ अशी नोटीस दिली. कॉलेजच्या शिकवण्याबद्दल मोठी तक्रार नव्हती. बोट ठेवले होते ते पैशाच्या नियोजनावर आणि कारभारावर, म्हणजे विश्वस्तांच्याच कामावर. त्याच वर्षी नोव्हेंबरात शहरातल्या दोन तृतीयांशांहून अधिक मतदारांनी कॉलेजसाठी आठ वर्षे दर मालमत्तेमागे वर्षाला ७९ डॉलरचा जादा कर स्वीकारला. लोकांनी आपला वाटा उचलला होता. पण जुलै २०१३मध्ये आयोगाने वर्षभराने मान्यता काढण्याचा निर्णय जाहीर केला. मान्यता गेली की सरकारी पैसा आणि विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या जातात, म्हणजे हा कॉलेजचा मृत्युलेखच होता.

मग कम्युनिटी कॉलेजांच्या राज्यस्तरीय मंडळाने आपल्याकडच्या सहकारी बँकेवर नेमतात तसा प्रशासक नेमला. त्याला सर्वाधिकार होते. निवडून आलेल्या सात जणांचे अधिकार गोठले. प्रशासकाचा एक फायदा लगेच दिसतो: कोणाच्या मतांची चिंता नसल्याने तो पटापट निर्णय घेतो. तोटा हळूहळू कळतो. मार्च २०१४मध्ये विद्यार्थ्यांनी निदर्शने केली. निवडून आलेले मंडळ परत आणा, अशी त्यांची मागणी होती. ज्या मंडळाच्या चुकांची किंमत ते मोजत होते, तेच त्यांना परत हवे होते, कारण त्याच्यासमोर उभे राहून जाब विचारता येत होता. कॉलेज बंद होणार या नुसत्या भीतीने हजारो विद्यार्थी आलेच नाहीत. हिशेबाची वही दुरुस्त होते, पण उडालेला विश्वास हुकमाने परत आणता येत नाही.

या कहाणीचा सर्वांत बोलका भाग त्यानंतरचा आहे. शहराचे सरकारी वकील डेनिस हेरेरा यांनी ऑगस्ट २०१३मध्ये आयोगालाच न्यायालयात खेचले. त्याच महिन्यात केंद्रीय शिक्षण खात्याने आयोगाच्या कामातल्या त्रुटी दाखवल्या. कॉलेजची तपासणी करणाऱ्या पथकात आयोगाच्या अध्यक्षांचे पतीच होते आणि प्राध्यापकांचे प्रतिनिधित्व तोकडे होते. हितसंबंधांपासून दूर राहा, असे कॉलेजांना सांगणाऱ्याच्याच घरात हे घडले होते. २ जानेवारी २०१४ रोजी न्यायमूर्ती कर्टिस कार्नो यांनी मान्यता काढण्याला अंतरिम मनाई केली आणि २०१५च्या निकालात आयोगाने कायदा मोडल्याचे नोंदवले. नव्याने काढलेल्या काही दोषांवर उत्तर देण्याची संधी कॉलेजला मिळालीच नव्हती. न्यायालयाने कॉलेजला निर्दोष ठरवले नाही. त्याने एवढेच म्हटले, की दोषी असलेल्यालाही ऐकून घ्यावे लागते. जुलै २०१५मध्ये विश्वस्तांना अधिकार परत मिळाले आणि जानेवारी २०१७मध्ये सात वर्षांची मान्यता. त्याच वर्षी शहराने आपल्या रहिवाशांसाठी कॉलेजचे शिक्षण मोफत केले.

या व्यवस्थेवर पहिला आक्षेप असा, की कोट्यवधी डॉलरचा अर्थसंकल्प ज्यांना वाचता येत नाही अशा हौशी माणसांच्या हाती कॉलेज का द्यावे? तज्ज्ञ नेमावेत. लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनचे उदाहरण या आक्षेपाला बळ देते. तिथला कारभार इतका खालावला, की कॉलेजची मान्यता गेली. २००६ साली राज्याने ३ कोटी डॉलरचे कर्ज दिले आणि शेजारच्या एल कॅमिनो कॉलेजच्या छत्राखाली वर्ग चालू ठेवले. तज्ज्ञांनी सूत्रे घेतली नसती तर त्या गरीब वस्तीतल्या मुलांचे कॉलेजच गेले असते, हे मान्य करायलाच हवे. पण त्या व्यवस्थेत कॉम्प्टनच्या कॉलेजची अंतिम जबाबदारी ज्या विश्वस्तांवर होती, त्यांना कॉम्प्टनचे मतदार निवडून देत नव्हते. ही स्थिती कायमची असावी असे कोणीच म्हटले नाही. २०१७मध्ये मान्यता परत मिळाली आणि २०१९मध्ये कॉलेज पुन्हा स्वतंत्र झाले. तज्ज्ञ हा प्लास्टरसारखा असतो. मोडलेले हाड जुळेपर्यंत तो हवाच, पण जन्मभर ठेवला तर हात वाळतो. विश्वस्ताला हिशेब लिहिता आला नाही तरी चालेल, तो विचारता आला पाहिजे. तेवढे प्रशिक्षण देणे लोकशाही गुंडाळून ठेवण्यापेक्षा स्वस्त आहे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. अशा निवडणुकांकडे सामान्य मतदाराचे लक्ष नसते, म्हणून संघटित गट बाजी मारतात. सिटी कॉलेजमध्ये २०२२ साली विश्वस्तांनी प्राध्यापक-कपात मंजूर केली. नोव्हेंबरात तिघा विद्यमान विश्वस्तांचा पराभव झाला आणि प्राध्यापक संघटनेच्या पाठिंब्याचे उमेदवार आले. जानेवारी २०२४मध्ये आयोगाने पुन्हा आर्थिक नियोजन आणि मंडळाच्या कारभाराबद्दल इशारा दिला. मग २०१२पासून कोणी काय शिकले? शिकले ते हे, की मतपेटी एकटी पुरेशी नाही. ज्या संघटनेच्या बळावर निवडून आलो तिच्याच कराराच्या टेबलासमोर बसताना विश्वस्ताची कसोटी लागते. म्हणूनच बाहेरचा परीक्षक हवा. पण २०१३चा अनुभव सांगतो, की परीक्षकही एकटा पुरेसा नाही, आणि त्याच्यावर न्यायालयाची नजर हवी. दोन्ही वेळी दोष निवडणुकीचा किंवा मान्यतेचा नव्हता. एका पहाऱ्यावर विसंबून दुसरा ढिला सोडल्याचा होता. २०२४चा इशाराही वेगळ्या अर्थाने वाचता येतो. या वेळी टांगती तलवार नव्हती, तर चूक दाखवून ती सुधारायला दिलेला अवधी होता.

हे सगळे पहारे महागडे आहेत, वेळखाऊ आहेत आणि त्यांनी कॉलेज आपोआप चांगले होत नाही, हा तिसरा आक्षेप बहुतांशी खरा आहे. चांगले कॉलेज चांगले शिक्षक करतात. राखणीचे काम त्यांच्या पायाखालची जमीन शाबूत ठेवण्याचे. मात्र ही जमीन कोणाची, हे विसरून चालणार नाही. संध्याकाळच्या वर्गाला कामावरून थेट येणाऱ्या बाईला खासगी विद्यापीठाचा पर्याय नसतो. कॉलेज बंद पडले तर विश्वस्त दुसऱ्या कामाला लागतात, प्रशासक पुढच्या नेमणुकीवर जातो, आयोग पुढचे कॉलेज तपासायला घेतो. तिचे मात्र शिक्षण थांबते. म्हणून ७२ तास आधी लावलेला तो कागद तिच्या कामाचा आहे. तो वाचायला तिला बहुधा सवड मिळणार नाही, पण तिच्या वतीने कोणी तरी तो वाचू शकते, बैठकीत उठून बोलू शकते आणि पुढच्या निवडणुकीत उभेही राहू शकते. जोवर ही वाट उघडी आहे, तोवर विश्वस्तांची चूक दुरुस्त होण्याजोगी राहते.